डेव्हिड शेपर्ड : एकशे एकोणीस धावा आणि एक नकार

माझा एक भाचा लिव्हरपूलला असतो. गेल्या महिन्यात त्याने आमच्या घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. रस्त्याच्या कडेला ब्राँझचे दोन उंच दरवाजे उभे, आणि प्रत्येक दरवाजात एक धर्मगुरू. खाली लिहिलं होतं, "मावशी, इथे राहून इतकी वर्षं झाली, रोज यांच्यावरून जातो. यातला एक म्हणे इंग्लंडकडून क्रिकेट खेळायचा. तुला माहीत असेल."

माहीत होतं. आता मी क्रिकेटवेडी आहे हे तुम्हा वाचणाऱ्यांना ठाऊक आहेच, पण हे नाव मला माहीत होतं ते आमच्या नानांच्या वहीमुळे. त्या वहीबद्दल मी मागे एकदा लिहिलं होतं. नाना सांगलीत कारकून होते आणि विजय हजाऱ्यांचे परमभक्त. हजारे सांगलीचे, तेही एका शाळामास्तरांचे चिरंजीव, त्यामुळे नाना त्यांना कायम "आपला विजय" म्हणत. १९५२ साली हजारे कर्णधार म्हणून संघ घेऊन इंग्लंडला गेले, तेव्हा नानांनी वर्तमानपत्रातला प्रत्येक धावफलक कापून खळीने वहीत चिकटवला. लीड्सच्या दुसऱ्या डावात आपली शून्यावर चार माणसं गेली होती, ते कात्रण मात्र वहीत उलटं चिकटवलंय. चुकून की मुद्दाम, हे विचारायचं राहून गेलं.

शेवटचा सामना ओव्हलचा. त्या पानावर इंग्लंडच्या डावातल्या एका नावाखाली रेघ आहे : शेपर्ड, ११९. आणि शेजारी वेगळ्या शाईत, म्हणजे पुष्कळ नंतर लिहिलेलं, नानांचं किरटं अक्षर : "हा पुढे पाद्री झाला."

एक खुलासा आधी करते, नाहीतर प्रतिक्रियांमध्ये तेच येईल. हे ते अंपायर डेव्हिड शेपर्ड नव्हेत. धावसंख्या १११ झाली की एक पाय उचलून उभे राहायचे ते गोल चेहऱ्याचे गृहस्थ वेगळे. हा फलंदाज डेव्हिड शेपर्ड, जन्म १९२९, ससेक्सचा खेळाडू. गंमत बघा, शेपर्ड म्हणजे मेंढपाळ. बायबलातला दावीदही राजा होण्याआधी मेंढरंच राखायचा. आणि आपल्याकडची मराठी ख्रिस्ती मंडळी चर्चच्या धर्मगुरूला 'पाळक' म्हणतात. आईवडिलांनी नाव ठेवतानाच सगळं ठरवून टाकल्यासारखं!

धर्मांतर म्हटलं की माझ्या पिढीच्या मराठी माणसाला एकच गोष्ट आठवते, 'स्मृतिचित्रे'. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि घर मुळापासून हललं. शेपर्डचं तसं नव्हतं. तो जन्माने ख्रिस्तीच. वडील वकील, ते लहानपणीच गेले. पुढे चांगली निवासी शाळा, मग सक्तीची लष्करी नोकरी आणि मग केंब्रिज. रविवारी चर्चला जाणं हे त्या वर्गात आपल्याकडे संध्याकाळी दिवा लावण्यासारखं. करतात म्हणून करायचं. १९४९ साली केंब्रिजच्या पहिल्याच वर्षात त्याने डोनाल्ड बार्नहाउस या अमेरिकन उपदेशकाची प्रवचनं ऐकली आणि त्याला वाटलं, हे सगळं आपण आजवर नुसतं अंगावर घातलं होतं, आत काही नव्हतं. त्यानंतर त्याची श्रद्धा त्याची स्वतःची झाली. पुढच्याच वर्षी, १९५० च्या ऑगस्टमध्ये, वेस्ट इंडीजविरुद्ध त्याने पहिली कसोटी खेळली. विद्यार्थी, कसोटीपटू आणि नवा नवा श्रद्धावान, तिन्ही एकदम.

या नव्या श्रद्धेत पहिल्यांदा क्रिकेटचं स्थान काय होतं? मला वाटतं, व्यासपीठाचं. नाव झालं होतं, मुलं ऐकायला गर्दी करायची. त्यांच्यापुढे उभं राहून मला प्रभू कसा भेटला हे सांगायचं. ज्याचं त्याने पापाचं ओझं ओळखावं, ज्याचं त्याने तारण मिळवावं. त्यात लबाडी काहीच नव्हती. पण समाज, पैसा, रंग, वर्ग यांना त्यात फारशी जागाही नव्हती.

आता ओव्हलच्या त्या सामन्याकडे या. सलामीला एका टोकाला लेन हटन, दुसऱ्या टोकाला हा. धावफलक नीट पाहिला तर एक गोष्ट दिसते. त्या काळी इंग्लंडमध्ये क्रिकेटपटूंच्या दोन जाती होत्या. हो, मी जातीच म्हणणार. हौशी ते 'जंटलमेन' आणि पगारी ते 'प्लेअर्स'. हौशी खेळाडूची आद्याक्षरं नावाच्या आधी छापायची, पगारी खेळाडूची नावाच्या नंतर. कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या, कित्येक मैदानांवर आत यायची दारंही वेगळी. १९५२ साली हटन इंग्लंडचा कर्णधार झाला तेव्हा पगारी माणसाला कर्णधार केलं म्हणून केवढी चर्चा झाली होती. शेपर्ड अर्थातच जंटलमन.

आणि समोर क्षेत्ररक्षण लावणारे हजारे, मराठी ख्रिस्ती. त्यांना तरी मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत कुठल्या संघातून खेळावं लागायचं? 'द रेस्ट', म्हणजे उरलेले! हिंदू नाही, मुसलमान नाही, पारशी नाही, युरोपियन नाही, मग उरलेल्यांत. त्याच उरलेल्यांच्या संघातून त्यांनी हिंदू संघाविरुद्ध संघाच्या ३८७ पैकी ३०९ धावा एकट्याने केल्या होत्या. नाना हे सांगताना दरवेळी खुर्चीतून उठायचे. असो. ओव्हलला आपण ९८ मध्ये आटोपलो, त्यातही जास्तीत जास्त धावा हजाऱ्यांच्याच, आणि पावसाने आपल्याला हरण्यापासून वाचवलं.

शेपर्डने मग धर्मशास्त्राचं शिक्षण सुरू केलं. १९५४ साली पाकिस्तानविरुद्ध हटन आजारी असताना दोन कसोटींत त्याने इंग्लंडचं नेतृत्व केलं, आणि त्या हिवाळ्यात ऑस्ट्रेलियाला संघ घेऊन कोणी जायचं या चर्चेतही त्याचं नाव होतं. गेला हटन. शेपर्डने १९५५ मध्ये दीक्षा घेतली आणि लंडनच्या इझलिंग्टन भागात सहायक पाळक म्हणून रुजू झाला. पुढच्या वर्षी निवड समितीने त्याला पुन्हा बोलावलं. त्या हंगामात तो जेमतेम खेळला होता, तरी ओल्ड ट्रॅफर्डला ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने ११३ केल्या. दीक्षा घेतल्यानंतर कसोटी खेळलेला पहिला पाद्री तो. पण बिचाऱ्याचं नशीब असं की तोच सामना जिम लेकरने १९ बळी घेतल्याचा! त्या सामन्यात आणखी कोणी काही केलं होतं हे कोणाच्या लक्षात राहणार?

१९५७ मध्ये तो पूर्व लंडनमध्ये कॅनिंग टाउनला मेफ्लॉवर फॅमिली सेंटर चालवायला गेला. माझ्या मते त्याच्या आयुष्याचं खरं वळण हे आहे, केंब्रिज नव्हे. कॅनिंग टाउन म्हणजे गोदी कामगारांची वस्ती, युद्धात बाँबने उद्ध्वस्त झालेली. तिथे तो बारा वर्षं राहिला. लग्न होऊन बायकोही तिथेच आली. ज्याचं त्याने तारण मिळवावं हे केंब्रिजच्या हिरवळीवर सांगणं सोपं असतं. इथे त्याला दिसलं की हुशार मुलगा पंधराव्या वर्षी शाळा सोडून कामाला लागतो, तो आळशी असतो म्हणून नव्हे. त्याच्यापुढे दारंच तेवढी उघडी असतात. चर्चला ही माणसं येत नाहीत, कारण चर्च त्यांना साहेबलोकांचं वाटतं. आणि आपण स्वतः त्या साहेबलोकांपैकी एक आहोत. हे कळायला त्याला वेळ लागला, पण कळल्यावर ते त्याने झटकून टाकलं नाही. पुढे १९८३ साली त्याने 'बायस टू द पुअर' नावाचं पुस्तकच लिहिलं, देवाचं माप गरिबाच्या बाजूला झुकतं असतं अशा अर्थाचं. त्याची मुळं इथली.

आणि मग आलं १९६०. त्या वर्षी २१ मार्चला दक्षिण आफ्रिकेत शार्पव्हिल इथे पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडल्या, ६९ माणसं गेली. त्याच उन्हाळ्यात दक्षिण आफ्रिकेचा संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर येणार होता. संघ अर्थातच फक्त गोऱ्यांचा. शेपर्डने जाहीर सांगितलं, मी या संघाविरुद्ध खेळणार नाही. ज्या संघात काळ्या माणसाला तो काळा आहे एवढ्याच कारणाने जागा नाही, त्याच्याशी क्रिकेट खेळणं म्हणजे त्या व्यवस्थेला मान देणं.

एरिक लिडेलची गोष्ट आपल्याला सिनेमामुळे माहीत असते. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रविवारी धावायचं नाही म्हणून त्याने शंभर मीटर सोडली आणि ४०० मीटरमध्ये सुवर्णपदक मिळवलं. फार सुंदर गोष्ट आहे, मी वर्गात अनेकदा सांगितली आहे. पण त्या नकारात लिडेलने जे पाळलं ते देव आणि तो यांच्यातलं होतं. कोणाला त्याचा राग येण्याचं फारसं कारण नव्हतं, निदान शर्यत जिंकल्यावर तरी. शेपर्डच्या नकारात यजमानांना आणि पाहुण्यांना, दोघांनाही तुम्ही चुकताय असं सांगणं होतं. लोकांना राग आला. उत्तर ठरलेलं : क्रिकेटमध्ये राजकारण आणू नका.

हे वाक्य वाचताना मला माझं एक वाक्य आठवतं. ते मी आजवर कुठे लिहिलेलं नाही.

१९७८ सालची गोष्ट. मी अठ्ठावीस वर्षांची, एका गावातल्या हायस्कुलात इतिहास शिकवायची आणि मुलींची खो-खोची टीम माझ्याकडे. तालुक्याच्या सामन्यांना आम्ही परगावी गेलो. एका प्रतिष्ठित घरी मुलींच्या मुक्कामाची सोय होती. आमची सगळ्यात चपळ मुलगी दलित वस्तीतली. ती पळायला लागली की समोरच्या टीमचा अख्खा डाव तिच्यामागे संपायचा. जेवणाआधी घरातल्या बायकांनी मुलींना नावं विचारली, आडनावं विचारली. पानं मांडली तेव्हा तिचं पान ओसरीवर, एकटं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याजवळ जाऊन हळूच म्हटलं, "आजच्या दिवस सांभाळून घे गं. उद्या मॅच आहे, आत्ता वाद नको." आणि मी आतल्या पंगतीत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी आम्ही जिंकलो. तिच्यामुळेच. ढाल घेऊन काढलेल्या फोटोत ती माझ्या शेजारी उभी आहे.

आणि मी इतिहासाची शिक्षिका बरं का! पुण्यातल्या क्लबात बाळू पालवणकरांच्या गोलंदाजीवर सराव करणारे लोक चहाच्या वेळी त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा द्यायचे, हे मीच मुलांना तिडिकेने सांगायची. "मॅच आहे, वाद नको" आणि "क्रिकेटमध्ये राजकारण आणू नका" यांत फरक मला तरी सापडलेला नाही.

असो. शेपर्डकडे परत येते.

क्रिकेट त्याने सोडलं नव्हतं. १९६२ मध्ये जंटलमेन विरुद्ध प्लेअर्स हा सामना लॉर्ड्सवर शेवटचा झाला (त्यानंतर तो भेदच रद्द केला), त्यात त्याने शतक काढलं आणि कामातून रजा घेऊन ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेला. तिथे एकेका शहरात मोठमोठ्या चर्चमध्ये त्याची प्रवचनं व्हायची आणि लोक लोटायचे. मैदानात मात्र त्याच्या हातून झेल सुटत होते. फ्रेड ट्रूमन म्हणजे खाणकामगाराचा मुलगा, जिभेला हाड नाही. तो म्हणाला म्हणे की, रेव्हरंड, आज रविवार आहे असं समजा आणि हात जोडलेले ठेवा! मेलबर्नच्या कसोटीत पहिल्या डावात शेपर्ड शून्यावर गेला, दुसऱ्या डावात ११३ काढून त्याने इंग्लंडला जिंकून दिलं. विजयाला एक धाव हवी असताना धावबाद झाला तेवढं सोडा. एकूण बावीस कसोटी, तीन शतकं, सर्वांत मोठी खेळी आपल्याविरुद्धची ११९.

आता १९६८. बेसिल डॉलिव्हेरा केपटाऊनचा, तिथल्या कायद्याने 'कलर्ड', त्यामुळे स्वतःच्या देशाकडून खेळायची सोय नाही. १९६० मध्ये तो इंग्लंडला आला. म्हणजे ज्या वसंतात शेपर्ड नकार देत होता त्याच वसंतात. लीगमध्ये खेळत खेळत इंग्लंडच्या संघात पोचला. १९६८ च्या ऑगस्टमध्ये ओव्हलला, शेपर्डच्या ११९ धावांच्या त्याच मैदानावर, त्याने ऑस्ट्रेलियाविरुद्ध १५८ केल्या. आणि काही दिवसांनी दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यासाठी संघ जाहीर झाला तर त्यात त्याचं नाव नाही! निवड फक्त खेळावर केली, असं सांगितलं गेलं. कोणाला पटणार? पुढे टॉम कार्टराइट दुखापतीमुळे बाहेर पडला तेव्हा डॉलिव्हेराला घेतलं. त्यावर दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान फोर्स्टर यांनी हा संघ आम्हाला नको म्हणून जाहीर केलं आणि दौरा रद्द झाला.

एखाद्याने म्हटलं असतं, झालं ना रद्द, विषय मिटला. शेपर्ड गप्प बसला नाही. त्याने एमसीसीच्या सभासदांची खास सभा बोलवायला लावली. ५ डिसेंबर १९६८, जागा लंडनचं चर्च हाउस. म्हणजे त्याच्याच चर्चची वास्तू. ठराव मांडला शेपर्डने. समितीने हे प्रकरण चुकीचं हाताळलं, आणि दक्षिण आफ्रिकेत वंशभेदाविना क्रिकेट सुरू होण्याची चिन्हं दिसेपर्यंत तिच्याशी सामने नकोत, असा आशय. अनुमोदन दिलं माईक ब्रियर्ली नावाच्या एका तरुण सभासदाने. (हाच पुढे इंग्लंडचा नामांकित कर्णधार झाला.) ज्या मंडळींबरोबर शेपर्ड ड्रेसिंगरूममध्ये बसला होता, ज्यांच्या घरी जेवला होता, त्यांतली पुष्कळ माणसं समोरच्या बाजूला होती. सभागृहात मतांचा फरक फार नव्हता. पण पोस्टाने आलेली मतं मोजली आणि ठराव हजारोंच्या फरकाने पडले.

आपल्याला वाटतं विरोधक म्हणजे दुष्ट माणसं असतात. ती सभ्य माणसं होती. माझ्या यजमानीणबाईही प्रेमळच होत्या, सकाळी मुलींना त्यांनी गूळपोळीचा डबा बांधून दिला होता. परक्याशी भांडायला धैर्य लागतंच, पण ज्यांनी आपल्याला आपलं मानलं त्यांच्यापुढे उभं राहून तुम्ही चुकताय म्हणायला काय लागत असेल? शेपर्डला ते कुठून मिळालं, यावर त्याचं स्वतःचं उत्तर सरळ होतं : श्रद्धेतून. मी त्या श्रद्धेतली नाही. तरी ते उत्तर नाकारायला माझ्याकडे काही कारण नाही.

१९७० मध्ये दक्षिण आफ्रिकेचा संघ पुन्हा येणार होता. पीटर हेन या विद्यार्थी नेत्याने मैदानात घुसून सामने बंद पाडायची तयारी चालवली. शेपर्ड तोवर वुलिचचा बिशप झालेला. त्याला मैदानात घुसणं मान्य नव्हतं, म्हणून त्याने 'फेअर क्रिकेट कँपेन' नावाने कायद्यात राहून विरोध करणाऱ्यांची वेगळी आघाडी उभी केली आणि तिचा अध्यक्ष झाला. मे महिन्यात सरकारच्या विनंतीवरून दौरा रद्द झाला. तो बिशपमुळे रद्द झाला की विद्यार्थ्यांच्या धाकामुळे? माझ्या मते धाकामुळेच जास्त. पण सभ्य लोकांना विद्यार्थ्यांच्या बाजूचं म्हणणं ऐकून घेता आलं ते बिशपमुळे. त्यानंतर दक्षिण आफ्रिकेचा संघ आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये परतला तो थेट नोव्हेंबर १९९१ मध्ये, आपल्याच कोलकात्यात, ईडन गार्डन्सवर. तो सामना मी टीव्हीवर पाहिला होता, तेव्हा मला यातलं काहीही ठाऊक नव्हतं.

लिव्हरपूलचा बिशप म्हणून १९७५ ते १९९७ ही त्याची बावीस वर्षं हा वेगळ्याच लेखाचा विषय आहे. भाच्यासाठी एवढंच सांगते : दुसऱ्या दरवाजातला माणूस म्हणजे कॅथलिक आर्चबिशप डेरेक वॉरलॉक. त्या शहरात प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या हाडवैर होतं आणि या दोघांनी प्रत्येक दुःखाच्या, संकटाच्या वेळी एकत्र उभं राहायचं ठरवलं. तुझ्या त्या रस्त्याच्या एका टोकाला एकाचं कॅथीड्रल आहे आणि दुसऱ्या टोकाला दुसऱ्याचं, हे तू रोज पाहतोसच.

हजारे १८ डिसेंबर २००४ ला बडोद्यात गेले. शेपर्ड ५ मार्च २००५ ला, शहात्तरावा वाढदिवस एका दिवसावर असताना. नाना त्याआधीच गेले होते, नाहीतर वहीत दोन्ही कात्रणं शेजारी शेजारी लागली असती.

फोटोतली ती मुलगी आता आजी झाली आहे, दिवाळीला फोन करते. त्या रात्रीचा विषय तिने कधी काढला नाही, मीही नाही. हा लेख आज तिला पाठवणार आहे. आधी तिला, मग ग्रुपवर.

नानांच्या वहीची पानं फार जीर्ण झाली आहेत. नातीने मोबाईलवर सगळ्यांचे फोटो काढून ठेवायचं कबूल केलंय. त्यात १९५२ च्या ओल्ड ट्रॅफर्ड कसोटीचं कात्रण गळून पडलेलं दिसतंय. कोणाच्या घरी जुन्या वर्तमानपत्रांत ते असेल तर जरूर कळवा. आपण एकाच दिवसात दोनदा बाद झालो होतो त्या सामन्यात, तेव्हा कोणी जपून ठेवलं असेल असं वाटत नाही, पण नानांसारखे लोक असतातही.